नऊ कड्या

सांवेर तहसिलीत मी तेव्हा नवा अमीन,
बावीस वर्षांचा. खांद्यावर साखळी:
शंभर कड्या, सहासष्ट फूट,
रामपुऱ्यातल्या आमच्या खोलीत ती ठेवली
की आई म्हणायची, बाहेर ठेव, लोखंड रात्री कण्हतं.

ढाबली खुर्दच्या चावडीपुढे सभा झाली होती.
पायी फिरणारी माणसं आली, सूत कातत बसली,
मागितलं तेही असं, जणू विस्तव मागावा शेजारणीकडे.
दाजीसाहेब आंबर्डेकर उभे राहिले
आणि अठरा बिघे म्हणाले.
टाळ्या झाल्या. कुणी रडलंही.
दानपत्रावर शाई वाळायच्या आत
लोक दुसऱ्या गावाच्या वाटेला लागले होते.

मागे राहिलो मी. मोजायला.

अठरातले अकरा बिघे नाला निघाला.
चार खाकऱ्याचे आणि दगडाचे.
उरलेले तीन काळे, तुपासारखे,
आणि ते नंदराम बलाई वीस वर्षं अर्धेलीने कसत होता.
म्हणजे त्याचंच त्याला दिलं का?
असं मी विचारलं नाही. रकाना नव्हता.
मी लिहिलं : किस्म जमीन, अव्वल. बिघे तीन.

वैशाख. कुत्रीही सावली सोडत नव्हती.
नंदरामची बायको गेंदाबाई साखळीचं दुसरं टोक धरून होती,
तिचा धनी ज्वरात होता म्हणून.
पोळणारी कडी पदरात गुंडाळून.
शेवटच्या खुणेशी आली, थांबली,
बांधापलीकडच्या विहिरीकडे पाहत म्हणाली,
"ने पाणी?"

एवढंच. आणि पाणी?

विहीर दाजीसाहेबांची. चिरेबंदी, बारमाही.
तिच्यावर बलायांची बादली चालत नसे.
त्यांनी दूर उभं राहायचं, कुणी ओतलं तर घ्यायचं.
दानपत्रात जमीन होती. पाण्याचा उल्लेख
कुणालाच सुचला नव्हता, रडणाऱ्यांनाही.

मी परत पहिल्या खुणेपासून निघालो.
साखळी ओढली. गेंदाबाईला म्हटलं, अजून सर.
अजून. अजून थोडी.
नऊ कड्या. जेमतेम सहा फूट.
दगड रोवला तो विहिरीच्या तोंडाशी,
असा, की हद्द काठावरून पाण्यात उतरावी
आणि पलीकडच्या काठावर चढावी.

अर्धी विहीर कागदावर असते.
बादलीला ते माहीत नसतं.

चौथ्या दिवशी दाजीसाहेब आले. एकटेच.
छत्री मिटली, दगडावर टेकवली.
मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो,
आईला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो.
ते बराच वेळ आत डोकावून पाहत राहिले,
मग म्हणाले, "उन्हानं लोखंड वाढतं म्हणतात."
मी म्हटलं, "हो. थोडं."
"थोडंच," म्हणाले, आणि सही केली.

त्या माणसाला मी आजही पुरता ओळखत नाही.
नाला दिला तोही त्यानेच,
आणि नऊ कड्याही, न मागता, न बोलता.
कुठलं दान खरं, ते ज्याला मोजता येईल त्याने मोजावं.
माझं म्हणाल तर मी काहीच दिलं नाही.
उज्जैन रस्त्यावरचा माझा प्लॉट सातबाऱ्याच्या आजोबालाही सापडणार नाही
इतका जपून ठेवलाय.
दुसऱ्याच्या जमिनीवर उदार होणं
पगारात बसत होतं.

गेंदाबाईचा नातू माघात येतो, स्कूटरवर,
लसणाची जुडी ओट्यावर ठेवतो.
यंदा म्हणाला, आजोबा, नकाशे आता संगणकात चढवतायत,
वरून, आभाळातून मोजणार, इंचही चुकत नाही म्हणे.
मी म्हटलं, चहा घे.

तो गेल्यावर माळ्यावरून साखळी काढली.
गंज झाडला, अंगणात पसरली सरळ.
दुपारभर उन्हात राहू दिली.